सूर्यवायूची नळी

संपादक माझ्या मुलाचे मित्र. गणपतीत आरतीला आले, प्रसाद खाल्ला आणि जाता जाता म्हणाले, "नाना, तुम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत सगळा जन्म काढलात. आमच्या दिवाळी अंकाला तिथल्या गमती लिहून द्या. हलकंफुलकं काहीतरी." मी हो म्हटलं. गमती माझ्याकडे पुष्कळ आहेत आणि त्या सांगायची मला खोडही आहे. ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत असा माणूस सापडायचा नाही, ज्याने माझी एखादी गोष्ट तीनदा ऐकलेली नाही.

पण लिहायला बसलो आणि दर वेळी कागद फाडला. एक गोष्ट आहे, जी मी चाळीस वर्षांत या वाडीत कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही, ती गेली बिचारी न ऐकताच. ती गोष्ट सोडून बाकीच्या गमती सांगायच्या, म्हणजे नासका आंबा तळाशी ठेवून वर चांगले रचायचे. तेव्हा यंदा तळाचा आंबा वर काढतो. संपादकांना रागवायचं तर खुशाल रागवावं.

आधी माझं काम काय ते सांगतो. वाडीत पुष्कळांना वाटतं, मी कॉलेजात शिकवत होतो. कसलं शिकवतोय! शिकवायचे ते आमचे इंग्रज साहेब. ते वर्गात येऊन "आता पाहा" म्हणायचे, आणि त्या "पाहा"च्या आधी तीन तास जे खपायचं ते मी. बॅटऱ्या भरायच्या, म्हणजे जस्ताच्या आणि कोळशाच्या कांड्या दोन तऱ्हेच्या तेजाबांत बुडवायच्या. त्याच्या वाफेने खोकून खोकून जीव जायचा आणि धोतराला भोकं पडायची. माझी आई म्हणायची, तुला पंच्यावरच पाठवायला पाहिजे.

त्या बॅटऱ्यांची वीज एका मोठ्या तारेच्या वेटोळ्यात सोडली, की ती इतकी जोरकस व्हायची की वीतभर अंतरावरून तडतड उडी मारायची. त्याला आम्ही कॉइल म्हणायचो. ही वीज काचेच्या बंद नळीतून पाठवायची. नळीत हवा भरलेली असेल तर काही होत नाही. पण हवा काढत गेलं, की आधी गुलाबी दोरा दिसतो, मग नळीभर उजेड पसरतो, आणि आणखी काढली की उजेड विझून नुसती काचच हिरवी चमकायला लागते. ते हिरवं चमकणं म्हणजे विजेच्या उण्या टोकाकडून सुटलेले किरण काचेवर आपटत असतात. ते किरण नसून अतिशय बारीक कण आहेत, असं त्या सुमारास विलायतेत एका प्राध्यापकांनी नुकतंच दाखवलं होतं. आता शाळेतली पोरंही त्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात. तेव्हा मी "कण" म्हणायचो, आणि आमचा धाकू म्हणायचा "बारके".

धाकू आमचा पंपवाला. शिवडीचा कोळी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला "मास्तर" म्हणायचा. होडी भावाकडे राहिली आणि हा कॉलेजात लागला. पंप म्हणजे पाऱ्याने भरलेला काचेचा गोळा. तो वर उचलायचा, खाली आणायचा, पुन्हा वर. दर खेपेला नळीतली चिमूटभर हवा पारा ओढून नेतो. अशा पाच-सहाशे खेपा केल्या की एक नळी तयार. पारा असतो शिशाहून जड. जरा हिसका बसला की काचेच्या ठिकऱ्या. धाकूच्या हाताला हिसका ठाऊकच नव्हता. अकरा वर्षांत त्याच्या हातून एक काच फुटली नव्हती, आणि त्याचा त्याला फार अभिमान. माझ्या हातून वर्षाला दोन-चार वस्तू फुटायच्या. मी काही फोडलं की तो तुकडे गोळा करता करता म्हणायचा, "मास्तर, तुमचा हात शिकलेला हाय, पन शाना नाय."

गमतीची माणसंही यायची तिथे. असल्याच नळीच्या किरणांनी हाडांचे फोटो निघतात ही बातमी गावभर झाली, तेव्हा एका डॉक्टरांनी लालबागची एक गिरणीकामगार बाई आणली. तळहातात सुई मोडून बसली होती. आम्ही तिच्या हाताचा फोटो काढला, सुई सापडली, डॉक्टर खूश. बाईने मात्र तो फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "हाडं कुनाची का असंनात, पाटल्या माज्या हायत." ही गोष्ट मी वाडीत शंभरदा सांगितली असेल. ती हसायची गोष्ट आहे. पुढची नाही.

त्या वर्षी, गावात प्लेग होता तरी कॉलेज चालू होतं तेव्हा, साहेबांनी विलायतेहून एक नळी मागवली. बोटाएवढी जाड, मधे काडीसारखी बारीक, दोन्ही टोकांना प्लॅटिनमची तार. आत हेलियम. हा वायू आधी सूर्यात सापडला. आपल्याच देशात खग्रास ग्रहण लागलं होतं तेव्हा सूर्याच्या उजेडात एक पिवळी रेघ दिसली, आणि ती पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाची नव्हती. पुढे कित्येक वर्षांनी तोच वायू एका दगडातून निघाला. सगळ्या मुंबईत तो तेवढ्या एका नळीत असेल. साहेब त्या नळीला कापसात झोपवून कुलपात ठेवायचे. मी तिला सूर्यवायूची नळी म्हणायला लागलो आणि सगळेच तसं म्हणायला लागले.

वीज सोडली की तिचा असा काही पिवळा उजेड पडायचा! साहेबांना त्याहून एक वेगळी गोष्ट आवडायची. हा वायू कशाशी संयोग पावत नाही, कुणाला धरत नाही. बाकीच्या वायूंत कण अडखळतात, यात सहज निसटत पुढे जातात, असं ते म्हणायचे. मग त्यांच्या डोक्यात आलं, की हा वायू थंड केला तर कण कसे चालतील? थंड करायला आमच्याकडे काय, तर कारखान्यातला बर्फ आणि खडेमीठ. मी आणि धाकूने तागाच्या पोत्यातून बर्फ आणला, कुटला, मीठ घातलं, आणि नळी त्यात अर्धी बुडवून उजेड पाहिला. होता तसाच. साहेब हसले. म्हणाले, "या वायूला ही थंडी म्हणजे काहीच नाही. विलायतेत लोक याचं पाणी करायला धडपडतायत, अजून जमलेलं नाही. जमलं, तर त्या पाण्यातून हे कण कसे जातील?" आणि मला म्हणाले, "या पंपवाल्याला विचार. समुद्राचा माणूस आहे."

साहेबांना मराठी येत नव्हतं आणि धाकूला इंग्रजी. अकरा वर्षं दोघं एका खोलीत, आणि मधे मी. मी विचारलं. धाकूने बर्फाचे हात धोतराला पुसले आणि जरा विचार केला.

"मासा जातो तसा नाय जानार. मासा पानी कापतो. बारक्यांना कुठली ताकद? ते आपल्याभवती पोकली करतील आनि त्या बुडबुड्यात बसून जातील. हलू हलू."

मी ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. साहेबांनी लगेच वही काढून लिहून घेतलं आणि म्हणाले, "त्याला सांग, या खोलीत आजवर कुणी याहून चांगली कल्पना काढलेली नाही. मीसुद्धा नाही."

धाकू माझ्या तोंडाकडे बघत होता. "काय बोलले सायेब?"

मी म्हटलं, "काही नाही रे, हसतायत."

इथून सुरुवात. मोठं पाप एकदम होत नाही हो. आधी एवढंसं करून बघतो माणूस, आणि पचलं की धीर चढतो. मी मॅट्रिक झालेला, पुस्तकं वाचणारा, मला साहेबांनी कधी असं म्हटलं नव्हतं. मला डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे मुलांना प्रयोग करून दाखवणारा, व्हायचं होतं आणि ती शिफारस साहेबांच्या हातात होती. पोटात दुखलं माझ्या, दुसरं काय?

मग दसरा आला. दसऱ्याला आपल्याकडे जो तो आपल्या हत्याराची पूजा करतो. सुतार करवतीची, लेखनिक लेखणीची. आम्ही प्रयोगशाळेची करायचो. कॉइलला झेंडूची माळ, तराजूला हळदकुंकू, पंपासमोर आपट्याची पानं. साहेबांची ना नव्हती. पूजेची मांडामांड धाकूकडे, कारण तो सगळ्यांत जुना. त्याने एक नियम घातला होता: नारळ आत फोडायचा नाही. नारळाच्या पाण्याचा थेंब पंपात गेला तर पंप आठवडाभर नासतो. म्हणून नारळ बाहेर, दाराच्या पायरीवर फोडायचा आणि वाटी पुसून आत आणायची. अकरा वर्षं तो नियम त्याने मोडू दिला नाही.

त्या दसऱ्याला साहेब माथेरानला गेले होते. नळीच्या कपाटाची किल्ली जाताना माझ्याकडे दिली आणि बजावलं, "लावायची वेळ आलीच तर तीन बॅटऱ्या. एका मिनिटाच्या वर नाही." मी मान हलवली. पण त्या दिवशी मी सासऱ्यांना आणि आमच्या वाडीतल्या चार मंडळींना प्रयोगशाळा दाखवायला बोलावलं होतं. जावई काय करतो ते त्यांना कळायला नको? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पूजा झाली. धाकूने पायरीवर नारळ फोडला, खोबरं वाटलं. मी नळी काढली, कॉइलला जोडली, खिडक्या लावल्या. पिवळा उजेड पडला. सासरे म्हणाले, "हा प्रत्यक्ष सूर्यातला?" आणि त्यांनी चक्क हात जोडले. बाकीचेही वाकले. माझी छाती अशी फुगली की विचारू नका. मागून कुणीतरी म्हणालं, "जरा मंदच दिसतो, नाही?"

झालं. मी तीनाच्या सहा बॅटऱ्या केल्या. धाकू हळूच म्हणाला, "मास्तर, सायेब तीन बोलले व्हते." मी म्हटलं, "तू पंपाकडे बघ." उजेड असा लखलखला की सगळे "वा वा" करायला लागले, आणि मी एकाची दोन, दोनाची चार मिनिटं केली. मग टोकाची तार लाल झाली. अगदी बारीक "टिच्" असा आवाज आला. मंडळींना तो ऐकू गेला नाही, मला गेला, आणि धाकूला गेला. पिवळ्यात गुलाबी मिसळायला लागलं, गुलाबीचं जांभळं झालं, आणि नळी विझली. तारेपाशी काच केसाएवढी तडकली होती. हेलियम गेला होता आणि तिथे आपली मुंबईची हवा शिरली होती.

मी मंडळींना म्हटलं, "एवढंच असतं." ती खूश होऊन घरी गेली. धाकू माळा गोळा करत होता. "रंग गेला, मास्तर," म्हणाला, नुसतं तेवढंच, आणि निर्माल्य घेऊन समुद्राकडे गेला.

मी एकटा राहिलो. तारेपाशी तडकलेली नळी म्हणजे जास्त जोराने तापवलेली नळी, हे साहेबांना एका नजरेत कळलं असतं. मग कसली शिफारस आणि कसलं काय. टेबलावर पंपासमोर नारळाची वाटी होती, नैवेद्याची. मी ती वाटी उचलली आणि तिच्या कडेने नळीचा मधला बारीक भाग तोडला, तारेकडचं तडकलेलं टोकही ठेचून टाकलं. मग वाटी तिथेच शेजारी ठेवली. दुपारचे तीन वाजले असतील. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं आणि माझा हात जराही कापला नाही. तुम्हाला खरं सांगतो, त्या वेळी मनात धाकूचं नावही नव्हतं. पूजेच्या गडबडीत फुटली, एवढंच म्हणायचं होतं. पण पूजेत नारळ कुणाच्या हातात होता, हे काय मला ठाऊक नव्हतं?

चार दिवसांची सुट्टी संपली आणि साहेब आले. तुकडे बघून खुर्चीत बसले. रागावले नाहीत आधी. घरात कुणी गेल्यासारखे बसले. पूजेच्या दिवशी नळी मीच कपाटातून काढली होती, एवढं मी सांगितलं. मग त्यांनी नारळाची वाटी पाहिली. "पूजा कुणी केली?" मी म्हटलं, "धाकूने." खोटं नव्हतं ते. खोटं पुढे आहे.

धाकूला बोलावलं. तो येऊन उभा राहिला. साहेबांनी मला सांगितलं, "विचार त्याला, नारळ कुठे फोडला आणि नळीला काय झालं."

मी विचारलं. धाकू सरळ उभा राहून म्हणाला, "सायबांना सांगा, नारल मी भायेर पायरीवर फोडला, दर सालचा रिवाज हाय तसा. नलीला मी हात लावलेला नाय. मास्तर व्हते तिथं, त्यांना इचारा."

माझं नाव त्याने साक्षीदार म्हणून घेतलं. सहा बॅटऱ्यांचं एक अक्षर काढलं नाही. मला सांभाळून घेतलं त्याने, आणि वर माझ्यावर भरवसा टाकला, की पुढचं मास्तर सांगतील.

आणि मास्तरांनी सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, "साहेब, तो म्हणतो, नारळ मी टेबलावर फोडला. चूक झाली, क्षमा करा."

धाकूने माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडले. साहेबांना वाटलं, क्षमा मागतोय. मला वाटलं, माझे आभार मानतोय. साहेब उठले आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "त्या बुडबुड्यावाल्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. त्याला जायला सांग." काय फुटलं आणि कुणी फोडलं ते लिहायच्या फुटीच्या वहीत अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव चढलं. ते मी माझ्या हाताने लिहिलं. कामावरून काढल्याचा जो कागद त्याला मिळाला त्यावरही तेच: निष्काळजीपणाने काच फोडली.

जिन्यात मी त्याला गाठलं. "मी पुष्कळ सांगून पाहिलं रे, साहेब ऐकत नाहीत." तो म्हणाला, "असंल." आणि खाली उतरला. तीन महिन्यांनी मी डेमॉन्स्ट्रेटर झालो. वाडीत पेढे वाटले.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धाकूची बायको चांगुणा आमच्या दारात उभी. डोक्यावर माशांची पाटी. पाटीतून दोन पापलेटं काढून माझ्या बायकोच्या हातात दिली. "घरच्यांनी धाडलंय मास्तरांना. बोलले, दसऱ्याची आठवन म्हनून." बायको हरखली. मला म्हणाली, "बघा, नोकरी गेली तरी उपकार विसरला नाही माणूस. तुम्ही त्याच्यासाठी शब्द टाकलात ना, त्याची जाण आहे." आमच्याकडे मासे म्हणजे जीव की प्राण. तिने त्यांचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, केलं. मी जेवलो.

असं एक वर्ष नाही, बावीस वर्षं. दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चांगुणा यायची आणि तेच वाक्य बोलायची. मी आतल्या खोलीतून ओरडायचो, "धाकूला म्हणावं, छान होती हं गेल्या वर्षीची." बाहेर कधी आलो नाही. मग चांगुणा वारली आणि मासे थांबले. तेव्हा मला काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं. बाई मेली आणि मला सुटल्यासारखं वाटलं!

साहेब केव्हाच विलायतेला गेले होते, तिकडेच वारले. मी पेन्शनीत आलो, रोज वाचनालयात जाऊन बसायला लागलो. गेल्या फाल्गुनात एका मासिकात वाचलं, की हॉलंडात हेलियमचं पाणी करून बरीच वर्षं झाली, आणि आता लोक त्या पाण्याचे नाना चमत्कार तपासतायत. मी तो लेख पुन्हा पुन्हा वाचला. त्यात कण कसे जातात ते कुठे सापडेना. मला एकदम तो कुटलेला बर्फ आठवला, धोतराला पुसलेले हात आठवले, आणि "हलू हलू." मासिक हातात तसंच राहिलं. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "नाना, बरं वाटत नाही का?" करून करून भागला नि देवपूजेला लागला, तसं माझं झालं. सत्तरीकडे झुकल्यावर मला शिवडीला जायचं सुचलं.

चैत्रात गेलो. परळपर्यंत ट्राम, पुढे कॉटन ग्रीनच्या गोदामांवरून चालत. कोळीवाड्याच्या तोंडाशी एका बाईला धाकू हिरूचं घर विचारलं. तिला नाव कळेना. मग म्हणाली, "अगो बाय, काचफोड्या! तसं बोला ना. त्या माडाच्या बाजूला, काचफोड्याचं घर." तिने ते कुजकेपणाने म्हटलं नव्हतं. ती तरुण होती. तिला ते आडनावच वाटत असावं.

धाकू ओट्यावर बसून जाळं विणत होता. दृष्टी अधू झालेली, पण बोटं तशीच शांत. शेजारी नात बसली होती, जनी, नऊ-दहा वर्षांची, पाटीवर कविता उतरवून काढत. मी पुढे जाऊन उभा राहिलो. त्याने मान तिरकी करून उजवा कान माझ्याकडे केला. मी नुसतं "धाकू" म्हटलं.

"मास्तर," तो म्हणाला. "जने, पानी आन."

मला बसवेना. उभ्यानेच सगळं बोललो. सहा बॅटऱ्या, नारळाची वाटी, साहेबांना काय सांगितलं ते. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अहोजाहो करत होतो. "धाकू, तुम्ही सांगितलं ते मी साहेबांना सांगितलंच नाही. तुम्हाला ठाऊक नाही, मी काय बोललो ते."

जाळ्याची गाठ पुरी करून तो म्हणाला, "मना ठाव हाय. त्याच येलंला कललं."

"कसं?"

"मी पायरी बोललो. तुमी टेबल बोललात. अकरा वरसं पुसलेलं टेबल, मास्तर. टेबल मना कलनार नाय?"

मी ओट्याच्या कडेला बसलो. जनी पाणी घेऊन आली, तो तांब्या मी खाली ठेवला.

"मग बोलला का नाहीत? तिथल्या तिथे का नाही बोललात?"

"कोनाच्या तोंडानं बोलू? माझं बोलनं सायबाकडं जायाचं तुमच्याच तोंडानं. म्हनून हात जोडले तुमाला. सायबाला नाय, तुमाला. बोललो मनात, मास्तर, आता तरी नीट सांगा."

"आणि मासे? बावीस वर्षं मासे कशाला पाठवलेत?"

"आठवन म्हनून. चांगुना तेच बोलायची ना? दर साली वाटायचं, औंदा तरी मास्तर येतील शिवडीला. ती परत आली की इचारायचो, काय बोलले? ती बोलायची, छान लागले बोलले. मग ती रडायची. मी नाय."

कुठल्या कॉलेजाने, कुठल्या गिरणीने त्याला पुढे ठेवून घेतलं नव्हतं. तो कागद आड यायचा. भावाच्या होडीवर भावाच्या हाताखाली जन्म गेला. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. मग मी त्याला सांगितलं, की बुडबुड्याचं ऐकून साहेब हसले नव्हते. काय म्हणाले होते, ते शब्दाला शब्द सांगितलं. चाळीस वर्षं उशिरा. तेव्हा मात्र त्याचा हात थांबला. जाळं मांडीवरून खाली घसरलं.

"हे तरी सांगायचं व्हतंत, मास्तर," तो म्हणाला. "यात तुमचं काय जात व्हतं?"

मी रडलो. नातीसमोर, वाटेवरच्या लोकांसमोर, म्हातारा माणूस ढसाढसा रडलो. त्याने मला रडू दिलं. मग विचारलं, "सायेब हाय?"

"नाहीत. गेले."

"मग आता कोनाला सांगनार?"

"तुम्ही सांगाल त्याला."

त्याने जाळं पुन्हा मांडीवर घेतलं. "लिवा कुठंतरी. छापून येईल असं. मराठीत लिवा, इंग्रजीत नको. जनी वाचते. तिला लोक काचफोड्याची नात बोलतात."

म्हणून संपादक गणपतीत आले, तेव्हा मी एका शब्दात हो म्हटलं. आणि तरीही आधी हलकंफुलकं लिहून बघितलंच. असा मी.

तर आता लिहितो. सूर्यवायूची नळी मी फोडली. आधी सहा बॅटऱ्या लावून, आणि मग नारळाच्या वाटीने. धाकू हिरू यांनी अकरा वर्षांत प्रयोगशाळेतली एकही काच फोडली नाही. त्या दसऱ्याला त्यांनी नारळ पायरीवर फोडला.

जनी, बाळ, अंक मी स्वतः आणून देईन. हे घरात नको वाचू. ओट्यावर बस, आळीतली माणसं जाता-येताना असतील तेव्हा. आजोबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मोठ्याने वाच.